मोठ्या चंद्राचा इतिहास

चंद्र मोठा दिसतो, असे आपण सहज म्हणून जातो. ह्या साध्या वाक्यात दोन निराळ्या गोष्टी एकत्र झालेल्या असतात. पौर्णिमेचा चंद्र डोंगराआडून किंवा घरांच्या ओळीमागून वर येतो तेव्हा परातीएवढा भासतो आणि मध्यरात्री माथ्यावर आला की वाटीएवढा होतो. ही झाली पहिली गोष्ट. दुसरी गोष्ट अशी की, काही पौर्णिमांना चंद्र खरोखरच पृथ्वीच्या जवळ आलेला असतो आणि त्याचे बिंब इतर पौर्णिमांपेक्षा मोठे असते. पहिला मोठेपणा डोळ्यांत भरतो, पण तो मापात सापडत नाही. दुसरा मापात चोख सापडतो, पण डोळ्यांना क्वचितच कळतो. ह्या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करावयास माणसाला पुष्कळ शतके लागली. त्या शतकांची हकीकत थोडक्यात सांगावी, एवढाच आमचा हेतू आहे.

आम्ही ज्योतिर्विद नव्हे. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेले आणि वाचन झाले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. मग ह्या विषयात आम्ही का पडावे? त्यास कारण घडले. २०११ च्या मार्च महिन्यात 'सुपरमून' येणार, त्यामुळे भूकंप आणि पूर येणार, असे संदेश मोबाइलवरून फिरू लागले. ११ मार्चला जपानात भीषण भूकंप झाला आणि त्सुनामी आली, तेव्हा तर ती भाकिते खरी ठरल्याचा गवगवा झाला. आमच्या युनियनच्या कचेरीत खाडीकाठच्या वस्तीतील काही कामगार विचारावयास आले की, १९ तारखेला रात्रपाळीला जावे की बायकामुलांना घेऊन गावी निघावे? काहीजण गेलेही. त्यांचे दोन-दोन, तीन-तीन दिवसांचे खाडे पडले आणि पगार कापला गेला. भीती फुकट वाटली जाते, पण तिची किंमत अशी कोणीतरी भरीतच असतो.

त्या कामगारांना उत्तर द्यावयाचे म्हणून आम्ही पंचांग उघडले. ६ मार्चला चंद्र पृथ्वीपासून सर्वांत दूरच्या बिंदूपाशी होता. १२ मार्चला शुक्ल अष्टमीचा अर्धा चंद्र होता. म्हणजे जपानात जमीन हादरली त्या दिवशी चंद्र पूर्णही नव्हता आणि जवळही नव्हता, सरासरीहून थोडा दूरच होता. जवळची पौर्णिमा त्यानंतर आठ दिवसांनी, १९ मार्चला झाली. एवढे पाहावयास दुर्बीण लागत नाही. तरीही ते कोणी पाहिले नाही, ह्याचेच आम्हांस वाईट वाटले.

आता मुळाकडे वळू. चंद्राचे अंतर बदलते हे माणसाला कसे कळले? ते प्रथम कळले चंद्राच्या चालीवरून. तो रोज ताऱ्यांमधून सारखाच पुढे सरकत नाही. कधी दिवसात सुमारे १२ अंश जातो, तर कधी १५ अंश. हा फरक आपल्या घरातील पंचांगातही आहे. तिथी कधी २० तासांच्या आसपास आटोपते, तर कधी २६ तासांहून अधिक लांबते. चंद्र जवळ असतो तेव्हा जलद चालतो व तिथी आखूड होते. दूर असतो तेव्हा मंद चालतो व तिथी लांबते. चतुर्थीचा क्षय झाला, एकादशीची वृद्धी झाली, असे आजीच्या तोंडून आपण ऐकत आलो. त्या क्षयवृद्धीच्या मुळाशी बहुतांशी चंद्राचे हे जवळ येणे आणि दूर जाणेच असते.

आपल्या सिद्धांतग्रंथांनी हे ओळखले होते. चंद्राच्या कक्षेतील सर्वांत दूरच्या बिंदूस त्यांनी 'मंदोच्च' असे नाव दिले आणि तो बिंदूही स्थिर नसून सुमारे पावणेनऊ वर्षांत आकाशाची एक फेरी पुरी करतो, हे गणिताने बसविले. सूर्यसिद्धांतात चंद्राचा व्यास ४८० योजने मानला आहे. ग्रहणाचे गणित करताना त्या व्यासास चंद्राच्या त्या दिवसाच्या स्पष्ट गतीने गुणावे आणि मध्यम गतीने भागावे, असा नियम दिला आहे. म्हणजे गती वाढली की बिंब मोठे, गती घटली की बिंब लहान. त्या हिशेबाने बिंबाचे मध्यम माप ३२ कला येते. आजच्या मोजणीने ते ३१ कलांच्या किंचित वर आहे. साध्या साधनांनी साधलेली ही अचूकता पाहून कोणाही कारागिराने मान डोलवावी. पुढे कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० साली 'ग्रहलाघव' लिहून हे सारे गणित सोपे केले, आणि महाराष्ट्रातील पंचांगकर्ते कित्येक पिढ्या त्यावर चालले. एकोणिसाव्या शतकात केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनी युरोपीय वेधांच्या आधारे नवी कोष्टके मराठीत आणली, तेव्हा तिथींच्या घटकांवरून मोठा वाद माजला. जुना दंडक असा होता की, तिथी साठ घटकांच्या वर फार तर पाच घटका वाढावी आणि सहा घटका घटावी. आकाशातील चंद्र हा दंडक पाळीत नव्हता. प्रश्न एवढाच होता की, पोथी मानावयाची की वेध मानावयाचा.

हाच प्रश्न पश्चिमेकडेही पडला होता. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने चंद्राची गती वर्तविण्यासाठी एक वर्तुळांची रचना बसविली. तिने चंद्राची जागा चांगली वर्तविली जाई. परंतु त्या रचनेप्रमाणे अष्टमीच्या सुमारास चंद्र कधी कधी इतका जवळ यावयास हवा होता की, त्याचे बिंब जवळजवळ दुप्पट रुंद दिसावे. असा दुप्पट चंद्र कोणी कधी पाहिला नव्हता. तरीसुद्धा ती रचना शेकडो वर्षे शिकविली गेली. चौदाव्या शतकात दमास्कसच्या मोठ्या मशिदीत नमाजाच्या वेळा ठरविणारा इब्न अल-शातिर ह्याने नवी रचना केली. तीत चंद्राचे अंतर वाजवी मर्यादेत राहिले. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, त्यातील चंद्राची रचनाही गणिताच्या दृष्टीने तीच आहे. पुढे १६०९ साली केप्लरने मंगळाची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचे दाखविले. इंग्लंडमधील जेरेमाया हॉरॉक्स ह्या पुरत्या पंचविशीतही न पोचलेल्या तरुणाने तेच लंबवर्तुळ चंद्रास लावले, आणि १६८७ साली न्यूटनने त्यामागचे कारण, म्हणजे गुरुत्वाकर्षण, सिद्ध केले.

आजचे आकडे असे आहेत. चंद्राचे सरासरी अंतर सुमारे ३,८४,४०० किलोमीटर. अगदी जवळ आला तर तो सुमारे ३,५६,४०० किलोमीटरवर येतो, अगदी दूर गेला तर सुमारे ४,०६,७०० किलोमीटरवर जातो. त्यामुळे सर्वांत जवळच्या पौर्णिमेचे बिंब सर्वांत दूरच्या पौर्णिमेपेक्षा सुमारे १४ टक्के रुंद असते आणि उजेड सुमारे ३० टक्के अधिक पडतो. जवळच्या बिंदूपासून पुन्हा त्याच बिंदूस येण्यास चंद्रास साडेसत्तावीस दिवस लागतात आणि पौर्णिमेपासून पौर्णिमेस साडेएकोणतीस. ही दोन चाके साधारण ४१३ दिवसांनी पुन्हा जुळतात, म्हणून जवळच्या पौर्णिमा दरसाल थोड्या पुढे सरकत येतात.

ह्या खऱ्या मोठेपणाचा पुरावा आपल्या देशावरच सहा महिन्यांच्या आत दोनदा पाहावयास मिळाला. २२ जुलै २००९ रोजी सुरत, वाराणसी ह्या शहरांवरून खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा गेला. चंद्र जवळ होता, त्याने सूर्य पुरता झाकला. १५ जानेवारी २०१० रोजी कन्याकुमारी व रामेश्वर येथे कंकणाकृती ग्रहण दिसले. चंद्र दूर होता, त्याचे बिंब अपुरे पडले आणि सूर्याची कडी बाहेर उरली. एकच चंद्र, एकच सूर्य, परंतु झाकण एकदा पुरले आणि एकदा पुरले नाही.

परंतु पौर्णिमेच्या रात्री हा फरक डोळ्यांना का कळत नाही? कारण आकाशात दोन चंद्र शेजारी ठेवून पाहता येत नाहीत. दूरची पौर्णिमा सहा-सात महिन्यांपूर्वी होऊन गेलेली असते आणि तिचे माप कोणाच्या डोळ्यांत साठून राहिलेले नसते.

मग उगवता चंद्र परातीएवढा दिसतो तो कशाने? टॉलेमीने एके ठिकाणी कारण दिले की, पृथ्वीभोवतीच्या दमट हवेमुळे बिंब पाण्यातील वस्तूसारखे मोठे दिसते. हे कारण आजही पुष्कळांच्या तोंडी आहे, परंतु ते टिकत नाही. क्षितिजाजवळची हवा चंद्राचा रंग तांबूस करते आणि बिंब उभ्या अंगाने किंचित दाबते, मोठे करीत नाही. उलट, उगवता चंद्र माथ्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून जवळपास पृथ्वीच्या त्रिज्येइतका, म्हणजे सुमारे सहा हजार किलोमीटर, दूर असतो. म्हणून त्याचे बिंब खरे तर दीड टक्क्याने लहान असते. छायाचित्र काढून पट्टीने मोजले तरी हेच दिसते.

ह्या कोड्याचे उत्तर हवेत नसून पाहणाऱ्याच्या मनात आहे, हे बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या इब्न अल-हैथम ह्याने अकराव्या शतकाच्या आरंभी आपल्या प्रकाशशास्त्रावरील ग्रंथात मांडले. मन वस्तूचा आकार तिच्या अंतराच्या अंदाजावरून ठरविते. क्षितिजाकडे पाहताना मध्ये शेते, झाडे, घरे असतात, त्यांवरून मनाला वाटते की तेथले आकाश फार लांब आहे. माथ्याकडे मध्ये काहीच नसते, म्हणून ते आकाश जवळचे वाटते. तेवढेच बिंब लांबच्या जागी आहे असे मनाने धरले की ते मोठे भासते. १९६२ साली अमेरिकेतील कॉफमन आणि रॉक ह्या दोघा मानसशास्त्रज्ञांनी आकाशात कृत्रिम चंद्र दाखवून लोकांकडून ताडून घेतले. जमिनीचे दृश्य दिसत असताना क्षितिजावरचा चंद्र मोठा भासला. ते दृश्य झाकले तेव्हा मोठेपणा जवळजवळ नाहीसा झाला. सर्व शास्त्रज्ञांचे पूर्ण एकमत अजून झालेले नाही, कारण पुष्कळ लोक उगवता चंद्र 'जवळ' वाटतो असेच सांगतात. परंतु हा भास मनाचा आहे, बिंबाचा नाही, याविषयी वाद उरलेला नाही.

आता 'सुपरमून' ह्या शब्दाची कुळकथा. हा शब्द वेधशाळेत जन्मलेला नाही. रिचर्ड नोल ह्या अमेरिकन फलज्योतिष्याने तो १९७९ साली काढला आणि पुढे त्यास भूकंप-वादळांची भाकिते जोडली. २६ जानेवारी १९४८ ची पौर्णिमा विलक्षण जवळची होती. त्या रात्री हा शब्दच अस्तित्वात नव्हता, म्हणून चंद्राची कोणी बातमी केली नाही. चारच दिवसांनी गांधीजींची हत्या झाली. शब्द आधी निघाला असता तर त्या हत्येचेही खापर कोणी चंद्राच्या माथी फोडले असते! त्यानंतर तितकी जवळची पौर्णिमा आली ती १४ नोव्हेंबर २०१६ रोजी, कार्तिकी पौर्णिमेस. चंद्र ३,५६,५०० किलोमीटरच्या आसपास होता. त्या संध्याकाळी गच्च्यांवर गर्दी झाली, आणि लोक घरी येऊन सांगू लागले की चंद्र केवढा मोठा होता. त्यांनी पाहिला तो बहुतांशी उगवत्या चंद्राचा नेहमीचा भास; खरा मोठेपणा होता तो त्या दिवशीच्या पंचांगातील आखूड तिथीत.

जवळच्या चंद्राचा एक परिणाम मात्र खरा आहे आणि तो आपल्या कोळीबांधवांना व गोदी कामगारांना ठाऊक आहे. पौर्णिमा-अमावास्येला उधाण येते आणि अष्टमीला भांग असतो. भरतीची ओढ अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, म्हणून अगदी जवळच्या चंद्राची ओढ सरासरीपेक्षा सुमारे पाव पटीने वाढते आणि उधाणाचे पाणी नेहमीपेक्षा थोडे अधिक चढते. होड्या ओढून घ्याव्या, बांधावर लक्ष ठेवावे, एवढे शहाणपण पुरे. ह्या भरतीचे कोष्टक बंदरात आगाऊ छापलेले असते. जे आगाऊ छापता येते त्याला भिण्याचे कारण नसते. त्याची तयारी करावयाची असते.

कापडाच्या लांबीवर मजुरी घेणारा विणकर मुकादमाच्या नजरेच्या अंदाजावर राजी होत नाही. तो गज मागतो. तीच सवय आभाळाकडे पाहतानाही असावी, असे आमचे म्हणणे आहे. पुढच्या पौर्णिमेस प्रत्येकाने एक तुरीचा दाणा घ्यावा. चंद्र उगवताना हात पुरता लांब करून, एक डोळा मिटून, तो बिंबापुढे धरावा. मध्यरात्री माथ्यावरच्या चंद्रापुढे तसाच धरावा. दाणा दोन्ही वेळा चंद्राला सारखाच पुरतो. मुलांकडून तर हे अवश्य करून घ्यावे. २०३४ च्या २५ नोव्हेंबरच्या रात्री चंद्र २०१६ पेक्षाही जवळ येणार आहे, हे गणित आजच झालेले आहे. त्या रात्रीही अफवा उठतील. आजची शाळकरी मुले तेव्हा कामाला लागलेली असतील. त्यांच्यापैकी कोणाचाही एका दिवसाचा खाडा त्या अफवेपायी पडू नये, इतकी तयारी आपण आतापासून करून ठेवावी.