मराठी ख्रिस्ती स्त्रीचे ग्रंथधन
मराठी ख्रिस्ती स्त्रीला लाभलेले सर्वांत टिकाऊ पुस्तक रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे होय. तत्पूर्वी 1857 मध्ये बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’ या कादंबरीने विधवांची दुःस्थिती मांडली होती, पण तीत उपदेश फार. उलट, 1934 पासून पुस्तकरूपाने आलेल्या लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात, सोवळे, म्हणजे स्पर्शास्पर्शाचे कर्मठ नियम, कसोशीने पाळणाऱ्या घरातील मुलगी पतीच्या 1895 मधील धर्मांतरानंतर ते बंधन हळूहळू, आणि विनोदबुद्धी शाबूत ठेवून, कशी सोडते, हे दिसते. पंडिता रमाबाईंनी सामान्य बायकांना कळेल अशा मराठीत केलेले बायबलचे भाषांतरही याच ग्रंथधनातले; ते त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदन या आश्रमात छापले गेले आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, तिथल्या स्त्रियांनीच जुळवली.