किंमत, सवलत आणि घड्याळाची प्रतिष्ठा

पनवेलजवळ पळस्पे फाट्यावर मुंबईहून आलेली वाट दुभंगते. एक रस्ता बोरघाट चढून पुण्याला जातो. दुसरा पेण, महाड करीत कोकणातून गोव्याला. महागड्या घड्याळांच्या प्रतिष्ठेविषयी लिहिताना या दुसऱ्या रस्त्याची आठवण काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु विलायती घड्याळ आपल्याकडे स्वस्तात मिळण्याचा इतिहास त्या रस्त्याच्या मुलखाशी जोडलेला आहे; आणि सवलतीच्या विक्रीने घड्याळाच्या नावाला उणेपणा येतो का, या प्रश्नाचे उत्तरही आम्हांस त्या इतिहासात सापडते.

मुंबईत स्विस घड्याळांचे बस्तान एकोणिसाव्या शतकातच बसले. १७३७ पासूनची परंपरा सांगणारी फेवर-ल्यूबा १८६५ च्या सुमारास येथे आली. वेस्ट एंड वॉच कंपनी १८८० च्या दशकात. रेल्वे, कचेऱ्या आणि गिरण्यांचे भोंगे यांनी जगण्याला तासांची शिस्त लावली, तसे घड्याळ गरजेचे झाले. पण ते केवळ गरजेचे राहिले नाही. लग्नात जावयाच्या मनगटावर घड्याळ बांधण्याची रीत मराठी घरांत रुजली, तेव्हा त्यात वेळेपेक्षा ऐपतीचा आणि मानाचा भाग मोठा होता.

स्वातंत्र्यानंतर परकीय चलन वाचविण्यासाठी आयातीवर कडक निर्बंध आले. गोवा मात्र डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होता. तेथे परदेशी माल सहज मिळे आणि चोरवाटांनी भारतात शिरे. पुढे कोकणच्या किनाऱ्यावर आणि मुंबईत चोरटा माल उतरू लागला. त्यात सोन्याच्या जोडीने घड्याळेही असत. अशा घड्याळाला पावती नसे, हमी नसे. कर चुकविलेला असल्याने ते रीतसर आयात केलेल्या घड्याळापेक्षा स्वस्त पडे. तरीही त्याची प्रतिष्ठा तसूभर घटली नाही. 'फॉरेनचे' या एका शब्दात ती सामावलेली होती. घड्याळ स्वस्त पडले होते ते कर चुकल्यामुळे. ते कोणाला नको होते म्हणून नव्हे.

देशी घड्याळाचीही गोष्ट अशीच आहे. जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने एचएमटीने १९६१ मध्ये बंगळूर येथे घड्याळनिर्मिती सुरू केली. किंमत सामान्यांना झेपणारी होती, तरी मागणी इतकी की लोक महिनोन्महिने थांबत; स्वस्त असूनही हे घड्याळ मानाचे ठरले. पुढे टायटन आली, क्वार्ट्झचे युग आले, आणि तीच एचएमटी दुकानात विनासायास मिळू लागताच तिचे तेज ओसरले. २०१४ मध्ये हा उद्योग बंद होणार अशी बातमी आली मात्र, उरलेल्या घड्याळांसाठी गर्दी उसळली. घड्याळ तेच होते. पालटली होती ती त्याची दुर्मिळता.

यावरून आम्हांस असे म्हणावेसे वाटते की, कमी किंमत आणि सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कमी किंमत हे वस्तूचे एक लक्षण आहे. सवलत हे विधान आहे: 'सांगितलेल्या किमतीला ही वस्तू कोणी घेतली नाही.' हे विधान दुकानाच्या काचेवर लागले की काल पूर्ण किंमत मोजणारा ग्राहक आज स्वतःला फसलेला समजतो. कार्टियेसारखी नावे बाळगणाऱ्या रिशमाँ या स्विस समूहाने २०१८ पर्यंतच्या दोन वर्षांत सुमारे ५० कोटी युरोंची न खपलेली घड्याळे विक्रेत्यांकडून परत घेतली आणि त्यांपैकी बरीचशी मोडीत काढली, ती हे विधान टाळण्यासाठीच. ती उधळपट्टी होती, यात शंका नाही. पण आपल्या मालाची किंमत नेमकी कशात आहे, याचे चोख भानही त्या उधळपट्टीत होते.

भारत आणि स्वित्झर्लंडसह चार देशांचा व्यापार करार ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला. त्यानुसार स्विस घड्याळांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरणार आहे. म्हणजे एकेकाळी चोरवाटेने साधलेले स्वस्तपण आता राजमार्गाने येईल. त्याने या घड्याळांचा मान घटेल, असे आम्हांस वाटत नाही. भाव सरकारने उतरविला तर नावाला बाध येत नाही. तो बनविणाऱ्याने स्वतःच्या हाताने उतरविला, की मग प्रत्येक पाटी त्या नावाविरुद्ध साक्ष देऊ लागते.