ईएलडी : चालकांच्या कार्यकालाची इलेक्ट्रॉनिक नोंद

व्यापारी वाहनाच्या इंजिनाला जोडलेले आणि चालकाने किती तास गाडी चालवली याची आपोआप नोंद ठेवणारे यंत्र. ‘इलेक्ट्रॉनिक लॉगिंग डिव्हाइस’ या नावाचे ईएलडी हे लघुरूप होय. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आंतरराज्य वाहतूक करणाऱ्या बहुतेक ट्रक व बसचालकांना ते बंधनकारक असून त्याची अंमलबजावणी फेडरल मोटर कॅरियर सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशन ही संघीय संस्था करते.

कार्यकालाची मर्यादा : मालवाहू वाहनाच्या चालकाला सलग १० तास विश्रांती घेतल्यानंतर पुढील १४ तासांच्या अवधीतच आणि त्यातही जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, एकूण ८ तास चालवून झाल्यावर किमान ३० मिनिटांचा खंड आवश्यक असतो आणि कंपनीच्या वेळापत्रकानुसार ७ दिवसांत ६० किंवा ८ दिवसांत ७० तास काम झाले की गाडी चालवणे थांबवावे लागते. पूर्वी या तासांचा हिशेब २४ घरांच्या कागदी आलेखावर चालक स्वतः रेषा ओढून मांडत असे, त्यामुळे खाडाखोड आणि दुहेरी वह्या यांना वाव राहत असे.

नियमाचा इतिहास : नियमांचे वारंवार उल्लंघन करणाऱ्या कंपन्यांपुरता यंत्राचा नियम २०१० मध्ये झाला, परंतु मालक-चालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या याचिकेवर सातव्या परिमंडळाच्या अपील न्यायालयाने तो २०११ मध्ये रद्द केला, कारण यंत्राच्या आडून चालकांचा छळ होऊ नये याची पुरेशी तजवीज त्यात नव्हती. काँग्रेसने २०१२ च्या कायद्याने यंत्र सक्तीचे करण्याचा आदेश दिल्यावर डिसेंबर २०१५ मध्ये नवा नियम प्रसिद्ध झाला. तो १८ डिसेंबर २०१७ पासून लागू झाला आणि आधीच्या पिढीतील यंत्रांना दिलेली सवलत १६ डिसेंबर २०१९ रोजी संपली. सध्याच्या नियमातील चालक-संरक्षणाची कलमे या न्यायालयीन पराभवातून आली आहेत, ही बाब महत्त्वाची आहे : चालक मागच्या बिछान्यावर झोपलेला असताना यंत्राचा आवाज बंद करता आला पाहिजे, अशी अट तांत्रिक नियमातच आहे.

नोंदीचे स्वरूप : कामावर नाही, बिछान्यावर, गाडी चालवत आहे आणि चालवत नाही पण कामावर आहे, अशा चार अवस्था यंत्र ओळखते. वेग ताशी ५ मैलांवर गेला की ‘चालवत आहे’ ही अवस्था आपोआप लागते. गाडी थांबून ५ मिनिटे झाली की यंत्र चालकाला विचारणा करते व मिनिटभरात उत्तर न मिळाल्यास ‘चालवत नाही पण कामावर’ अशी नोंद करते. म्हणजे यंत्राला खात्रीने कळते ते गाडीचे चालणे. माल चढवण्यासाठी गोदामाच्या दारात गेलेले तास आणि प्रत्यक्ष झोप यांच्यासाठी ते चालकाच्या शब्दावरच अवलंबून असते.

सुरक्षा व्यवस्थापकाची जबाबदारी : नोंदीत दुरुस्ती करता येते, पण मूळ नोंद पुसली जात नाही, कारण नमूद करावे लागते आणि आपोआप नोंदलेला चालवण्याचा वेळ कमी करता येत नाही. कंपनीने सुचवलेली दुरुस्ती चालकाने मान्य करून पुन्हा प्रमाणित केली तरच ती ग्राह्य ठरते. अधिक कटकटीचा भाग बेवारस नोंदींचा असतो : कारागिराने दुरुस्तीनंतर लॉग-इन न करता ट्रक रस्त्यावर फिरवून आणला, तर तो वेळ अज्ञात चालकाच्या खात्यात पडतो, पुढे लॉग-इन करणाऱ्या चालकासमोर ती नोंद येते आणि त्याने ती नाकारल्यास कंपनीला ती खऱ्या चालकाच्या नावावर लावावी लागते किंवा खुलासा लिहावा लागतो. यंत्र बिघडल्यास चालकाने २४ तासांत लेखी कळवायचे, कंपनीने ८ दिवसांत दुरुस्ती करायची आणि तोवर कागदी नोंद ठेवायची. त्यासाठी ८ दिवस पुरतील इतके कोरे आलेख गाडीत असणे बंधनकारक आहे. सर्व नोंदी ६ महिने जपाव्या लागतात.

सवलती : अल्प अंतराची वाहतूक, क्वचित नोंद ठेवावी लागणारे चालक आणि २००० पूर्वीची इंजिने.

परिणाम : सक्तीनंतर कार्यकालाच्या नियमांचे पालन सुधारले, अपघात त्या प्रमाणात घटले का, याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत.

यंत्राचे प्रमाणन : अमेरिकेत उत्पादक स्वतःच यंत्र नियमानुसार असल्याचे प्रमाणित करून संघीय यादीत नोंदवतात आणि त्रुटी आढळल्यास ते यादीतून काढले जाते. असे झाले की ते यंत्र वापरणाऱ्या कंपन्यांना ठरावीक मुदतीत दुसरे बसवावे लागते, म्हणून यादी नियमित तपासणे हे सुरक्षा व्यवस्थापकाचे कामच होऊन बसले आहे. कॅनडाने मात्र आपल्या नियमात त्रयस्थ संस्थेकडून प्रमाणन सक्तीचे केले.