लासिलकी : लहरींवर हक्क कोणाचा?

वायरलेसला उर्दूत ‘बेतार’ म्हणतात, आणि ‘लासिलकी’ असाही एक शब्द आहे. अरबीत ‘सिल्क’ म्हणजे धागा किंवा तार, ‘ला’ म्हणजे नाही. मराठीत आपण ‘बिनतारी’ म्हणतो. तिन्ही शब्द एवढेच सांगतात, की तार नाही. पण तार गेली म्हणून मालकीही गेली का?

लातूरहून पुण्याला जाताना दौंड लागते. १९२७ मध्ये दौंड आणि खडकी येथून इंग्लंडशी बिनतारी तारसेवा सुरू झाली. खडकीहून संदेश पाठवायचे, दौंडला ते घ्यायचे. मार्कोनीच्या पद्धतीने लघुलहरींचा झोत एका दिशेला सोडला जाई. या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होत हजारो किलोमीटर जात. संदेश टिंबे आणि रेघांचे असत, म्हणजे आजच्या भाषेत डेटाच. थोडक्यात, लांबचा पल्ला आपल्याकडे सर्वांत आधी आला. मात्र तो सरकार आणि व्यापारी पेढ्यांच्या कामाचा होता. दौंडजवळच्या शेतकऱ्याच्या डोक्यावरून लंडनचे निरोप जात, त्याला मात्र शेजारच्या तालुक्यात निरोप द्यायला माणूसच पाठवावा लागे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी हादरली. लातूर-उस्मानाबादमधील गावे जमीनदोस्त झाली, हजारो माणसे गेली. देशात तेव्हा मोबाइल नव्हता. तारांवर चालणारा फोन खांब आणि एक्स्चेंज शाबूत असेल तरच बोलतो. अशा वेळी ‘हॅम’ म्हणजे हौशी रेडिओचालक मदतीला येतात. त्यांचा संच बॅटरीवर चालतो, मध्ये कोणतीही कंपनी लागत नाही. किल्लारीनंतरही ते आले होते.

मधला पल्ला मोबाइलचा. ३१ जुलै १९९५ ला कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला. तेव्हा आलेल्या कॉललाही पैसे पडत. एक टॉवर काही किलोमीटर सांभाळतो, पुढे दुसरा. यात निसर्गाचा एक नियम आहे : कमी कंप्रतेची लहर लांब जाते आणि भिंतीही बऱ्यापैकी ओलांडते, जास्त कंप्रतेच्या पट्ट्यात डेटा अधिक मावतो, पण पल्ला आखूड होतो. म्हणून शहरात टॉवर दाट असतात आणि तांड्यावर एकच कांडी दिसते. हे पट्टे सरकार लिलावात विकते. जिथे गिऱ्हाईक कमी, तिथे कंपनी उशिरा पोहोचते.

सर्वांत आखूड पल्ला सर्वांत शेवटी आपल्या हाती आला. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठाने बेटांवरचे संगणक रेडिओने जोडले. एकच लहर अनेकांनी कशी वाटून घ्यायची, हा तिथला धडा पुढे वाय-फायच्या कामी आला. भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवान्याविना खुला झाला. घरातला वाय-फाय आणि दहा-एक मीटर जाणारे ब्लूटूथ याच पट्ट्यात चालतात. ब्लूटूथ तर सेकंदाला १,६०० वेळा वाहिनी बदलते, म्हणून गर्दीतही त्याचे काम अडत नाही. या लहरींसाठी कोणापुढे अर्ज करावा लागत नाही.

२०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कितीतरी घरांत फोन एकच होता, तोही अब्बांबरोबर किंवा बाबांबरोबर कामावर जाई. संध्याकाळी तो घरी येईपर्यंत मुलीचा वर्ग संपलेला असे. टॉवर होता, लहरही होती, फक्त तिच्या हातात काही नव्हते. आजही हे अंतर टॉवरने मिटत नाही. मोहल्ल्यातले वाचनालय, मशिदीशेजारची खोली, जिल्हा परिषदेची शाळा, इथे एक राउटर आणि दोन-चार जुने फोन ठेवता येतात. एकदा उतरवलेला धडा ब्लूटूथने पुढच्या मुलाला देता येतो, त्याला डेटा पॅकही लागत नाही. दौंडच्या लहरी साहेबाच्या होत्या, टॉवरच्या कंपनीच्या आहेत. ही छोटी लहर मात्र आपली आहे. ती वाटून घेणे आपल्याच हाती आहे.