मेलिसा : बाहेर जाणारी मेल कुणी तपासली नाही

शुक्रवार, 26 मार्च 1999. चोरलेल्या एओएल खात्यावरून यूजनेटच्या एका गटात ‘लिस्ट.डॉक’ ही वर्डची फाइल येते. आत अश्लील संकेतस्थळांचे पासवर्ड आणि एक मॅक्रो, म्हणजे फाइलीतच दडलेला छोटा प्रोग्रॅम : मेलिसा व्हायरस.

पुढचे काही तास. फाइल उघडणाऱ्याचं आउटलुक त्याच्या नकळत पत्त्यांच्या प्रत्येक यादीतले पहिले 50 पत्ते उचलतं आणि तीच फाइल धाडतं. विषयाच्या ओळीत ‘महत्त्वाचा निरोप’ आणि पाठवणाऱ्याचं खरं नाव. मजकूर असा, की तुम्ही मागितलेली फाइल ही, इतर कुणाला दाखवू नका. साहेबांकडून आलेली अशी मेल कोण उघडणार नाही? 50 चे 2,500, त्यांचे सव्वा लाख. त्यातला एखादा पत्ता अख्ख्या विभागाच्या यादीचा असला, तर एका फटक्यात शेकडो.

आत येणाऱ्या मेलवर संशय घेण्याची पद्धत तेव्हाही होती. आपल्याच माणसाने पाठवलेल्या मेलकडे मात्र सहसा कुणी बघत नसे. व्हायरस नवा होता, अँटिव्हायरसला तो ओळखता आला नसता, हे मान्य. पण एका कार्यालयातली दहा माणसं काही मिनिटांत त्याच विषयाची, त्याच फाइलची मेल 50-50 जणांना पाठवताहेत, हे कळायला साधी मोजणी पुरते.

दुपारी 2. संगणक-सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या पिट्सबर्गच्या सर्ट केंद्रात तक्रारी सुरू. एका ठिकाणी 45 मिनिटांत 32,000 प्रती आदळल्या.

त्याच दिवशी मायक्रोसॉफ्ट आपली बाहेर जाणारी मेल थांबवते, कामाचीसुद्धा. चाळणी नव्हती, म्हणून नळच बंद करावा लागला.

शनिवार. सर्टचा इशारा. सेंडमेल या मेल-सर्व्हरसाठी ती विषयाची ओळ अडवणारा नियमही उपलब्ध होतो.

असा नियम जाणाऱ्या मेललाही लावायलाच हवा, सर्व्हरवर थोडा भार पडला तरी. आज चोरीच्या एका पासवर्डवरून रात्रीत हजारो स्पॅम निघतात, सर्व्हरचा आयपी काळ्या यादीत जातो आणि सकाळी निरपराध माणसांची पत्रं परत येतात.

सोमवार, 29 मार्च. 300 हून अधिक संस्था आणि लाखभर संगणक बाधित. वर्डच्या मूळ साच्यात शिरलेला मॅक्रो आता ‘लिस्ट.डॉक’ऐवजी त्या माणसाची स्वतःची गोपनीय फाइलही जोडून 50 जणांना पाठवू शकत होता.