लकडगंज

लकडगंज : नागपूरच्या पूर्व भागातील लाकूडबाजाराची वस्ती. नावातला ‘गंज’ फारसी वळणाचा, अर्थ बाजारपेठ. वऱ्हाडी स्वयंपाकघरातल्या गंजाशी, म्हणजे पातेल्याशी, त्याचे नाते नाही. ‘लकड’ हिंदीतले आहे, म्हणून ही वस्ती उपरी, असे कोणी म्हणेल. पण नागपूर १८६१ पासून मध्य प्रांताची राजधानी होते आणि मराठी-हिंदी दोन्ही मुलखांचा माल इथे उतरत होता. बाजाराने बाजाराची बोली उचलली. आलापल्ली-बल्लारशाहच्या डेपोंतला साग, जवळच इतवारी रेल्वेस्थानक आणि घरबांधणी वाढवत चाललेले शहर, एवढ्यावर या पेठेचे पोट चालले.

लकडगंजची लोकसंख्या म्हणून एक आकडा सांगणे मात्र दिशाभूल करणारे ठरेल. १९०१ मध्ये १,२७,७३४ असलेले नागपूर २०११ च्या जनगणनेत २४,०५,६६५ वर गेले. शहराची ही वाढ हद्दीसह मोजता येते. लकडगंज हे नाव मात्र जुन्या बाजाराला, पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या झोनलाही आहे, आणि तिन्हींच्या सीमा वेगळ्या. मग झोनचा आकडा घ्यावा, हा सोपा मार्ग वाटतो. पण त्या झोनमध्ये पारडी, भरतवाडा अशी एके काळची गावे येतात. त्यांच्या गर्दीत आरागिरण्यांची पेठ दिसेनाशी होते. बाजारापुरते प्रभाग वेगळे काढले तरी अडचण उरतेच, कारण जनगणना माणसाला त्याच्या घरी मोजते. ओंडके उतरवणारा हमाल, आऱ्यावरचा मिस्त्री, चौकटीचे माप घेऊन आलेला सुतार यांतले अनेक दिवसभर इथले असतात आणि संध्याकाळी दुसऱ्याच वस्तीच्या खात्यात जमा होतात. त्यांना वगळून काढलेली संख्या घरांची असेल, गंजाची नव्हे.

गंजाचा इतिहास मालावर वाचावा लागतो. ओंडक्याच्या कापल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याचा ठसा असतो. ओंडका कायदेशीर वाटेने आला, याची ती खूण. गोदावर्मन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर १९९६ रोजी दिलेल्या आदेशापासून वृक्षतोड आणि आरागिरण्यांचे परवाने यांवर कडक बंधने आली. जंगल वाचवण्यासाठी ती आवश्यकच होती, पण पेठेचा चेहराही त्यांनी बदलला. आज घनफुटावर मोजल्या जाणाऱ्या सागाशेजारी प्लायवूडच्या थप्प्या आणि परदेशी साग उभा आहे.