नळीपासून स्फटिकापर्यंत

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं सायंकाळीं निजामानें हैदराबादच्या नभोवाणीवरून युद्धबंदी जाहीर केली, आणि नांदेडच्या व लातूरच्या लोकांस आपण मुक्त झालों हें कळलें. ज्या लातुरांत कासिम रझवी वकिली करीत असे, तें गांव त्या वेळीं उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण होतें. अशा गांवीं रेडिओ बाळगणारीं घरें थोडींच असत. बहुतेकांस ती वार्ता दुसऱ्याच्या तोंडूनच कळली असली पाहिजे.

श्रोतेहो, या सायंकाळच्या ७९ दिवस आधीं, ३० जून १९४८ रोजीं, न्यूयॉर्क शहरीं बेल प्रयोगशाळेनें वार्ताहरांना बोलावून एक चिमुकली वस्तु दाखविली होती. एकही काचनळी नसलेला रेडिओही त्या वेळीं वाजवून दाखविण्यांत आला. दुसऱ्या दिवशींच्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें ही बातमी आंतल्या पानावर, रेडिओच्या कार्यक्रमांच्या सदरांत, थोडीशी जागा देऊन छापली. वृत्तपत्रांच्या दूरदृष्टीविषयीं अधिक बोलण्याचें कारण नाहीं!

या वस्तूचें महत्त्व कळण्यासाठीं आधीं जुना रेडिओ आठवावा लागेल. कळ फिरविली कीं तो लगेच बोलत नसे. आंतल्या नळ्या तापून लालसर दिसूं लागेपर्यंत थांबावें लागे. या नळीस आपण व्हॉल्व्ह म्हणत असूं. तींतील हवा काढून घेतलेली असे. तापलेल्या भागांतून विद्युत्कण सुटून समोरच्या पत्र्याकडे धांवत, आणि मध्यें असलेली बारीक जाळी त्यांस अडवी किंवा जाऊं देई. कालव्याचें दार एका हातानें थोडें वर-खालीं करावें आणि पाण्याचा सारा लोंढा त्या हाताच्या हुकमांत वागावा, तसें हें होतें. दूरच्या केंद्राकडून आलेला क्षीण संदेश जाळीवर पोंचे, आणि मोठा प्रवाह त्याच्या तालावर कमीजास्त होई. अमेरिकेच्या ली डी फॉरेस्टनें १९०६ मध्यें ही जाळी नळींत बसविली, आणि पुढील सारी नभोवाणी तिच्यावर उभी राहिली.

पण नळी खर्चिक फार. दार हलविण्यापूर्वीं तिला तापवावें लागे, आणि त्यांतच बरीचशी वीज खर्ची पडे. काच फुटे, तार जळे. ज्या गांवीं विजेचे खांबच नव्हते, तेथें जड बॅटरी आणावी लागे. ती उतरली कीं गाडींत घालून शहरास न्यावी, भरून आणावी, तोंवर रेडिओ मुका. मराठवाड्यांतील बहुसंख्य खेड्यांची तेव्हां हीच स्थिति होती.

बेल प्रयोगशाळेंतील जॉन बार्डीन व वॉल्टर ब्रॅटन यांनीं डिसेंबर १९४७ मध्यें हेंच काम जर्मेनियम नांवाच्या घन पदार्थाकडून करून घेतलें. त्यांचें पहिलें साधन दिसावयास अगदींच ओबडधोबड होतें. प्लॅस्टिकच्या त्रिकोणी तुकड्यावर सोन्याचा वर्ख चिकटविला, टोंकाशीं पात्यानें चिरून त्याचे दोन भाग केले, आणि स्प्रिंगनें तो जर्मेनियमच्या तुकड्यावर दाबून धरला. विल्यम शॉक्लेनें लगेच पुढच्या महिन्यांत अधिक भक्कम रचना सुचविली. तिघांस मिळून १९५६ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें.

शॉक्लेच्या रचनेंतील मर्म असें. शुद्ध जर्मेनियम किंवा सिलिकॉन वीज फारशी वाहूं देत नाहीं. परंतु त्यांत आर्सेनिकसारख्या द्रव्याचा अत्यल्प अंश मिसळला तर कांहीं विद्युत्कण मोकळे राहतात. बोरॉनचा मिसळला तर विद्युत्कणांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि त्या रिकाम्या जागाही सरकत सरकत वीज वाहतात. अशा दोन जातींचे तीन थर एकावर एक आणून मधला अतिशय पातळ ठेवला, कीं त्या मधल्या थरांत सोडलेला लहानसा प्रवाह दोन्ही बाजूंच्या थरांमधील मोठ्या प्रवाहावर ताबा चालवितो. दार तेंच, कालवा तोच. तापविणें नाहीं, काच नाहीं, पोकळी नाहीं. उष्णता कमी म्हणून भाग एकमेकांस खेटून बसवितां येतात, आणि यंत्र आटूं लागतें.

१९५४ च्या अखेरीस चार ट्रान्झिस्टरांचा ‘रीजन्सी’ हा खिशांत मावणारा रेडिओ अमेरिकेंत विक्रीस आला. पुढें १९६० च्या दशकांत असे संच आपल्याकडे पसरूं लागले. विजेरीचे तीन-चार सेल घातले कीं पुरे! शेतांत, पारावर, बैलगाडींत तो बोलूं लागला. माझ्या मतें आपल्या भागास त्याच्या लहानपणापेक्षां त्याच्या अल्पाहाराचा उपयोग अधिक झाला. लोकांनीं तर भागाचेंच नांव सबंध यंत्रास देऊन टाकलें. खेड्यांत ‘ट्रान्झिस्टर’ म्हणजे रेडिओच. मात्र त्याचा परवाना अनेक वर्षें पोस्टांतूनच काढावा लागे. जर्मेनियमचा एक दोषही होता: तो उष्णतेनें बिथरतो. वैशाखांत तापणाऱ्या प्रदेशास सिलिकॉनच अधिक मानवणारा होता, आणि शेवटीं जगानेंही तोच पत्करला.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६० मध्यें ‘टिफ्रॅक’ हा गणकयंत्रराज कार्यान्वित झाला. त्यांत सुमारें २,७०० नळ्या होत्या. आपल्या लोकांनीं स्वतः बांधलेलें तें यंत्र अभिमानास्पद होतें, यांत शंका नाहीं. परंतु तें पुरें होईपर्यंत परदेशीं ट्रान्झिस्टरांचीं गणकयंत्रें विकलीं जाऊं लागलीं होतीं. १९५८ मध्यें जॅक किल्बीनें परिपथाचे सारे भाग एकाच स्फटिकावर घडवून दाखविले, आणि १९७१ मध्यें इंटेल कंपनीनें जवळजवळ टिफ्रॅकच्या नळ्यांइतकेच, म्हणजे सुमारें २,३०० ट्रान्झिस्टर, नखाएवढ्या सिलिकॉनच्या चकतीवर बसविले. आज अनेक मोबाइल फोनांच्या मुख्य चकतीवर ते हजार कोटींहून अधिक असतात.

या आटण्यांत एक गोष्ट गेली. नळी जळली तर दुकानदार ती उपटून दुसरी बसवी. जुन्या ट्रान्झिस्टर-रेडिओचाही बिघडलेला भाग डाख देऊन बदलतां येई. नखाएवढ्या चकतींतील एक कण बिघडला तर तो काढण्याजोगा चिमटा कोणाजवळच नाहीं. सबंध चकतीच टाकावी लागते.